आई-बाबांना घेऊन नलारबॉर: कॅरव्हॅन जोडण्याआधी काय बघावं

तुम्ही दोघं नोकरीसाठी मेलबर्न सोडून पर्थला चालला आहात. पुण्याहून आलेले आई-बाबा सोबत आहेत, दोघंही पासष्टीच्या पुढचे. चौघांनी कॅरव्हॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेऊन ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेतल्या नलारबॉरच्या ओसाड मैदानातून जावं की त्या दोघांना विमानात बसवून द्यावं, हे तुमचं ठरत नाहीये. डिझेल संपलं तर, गाडी बंद पडली तर, आईची तब्येत बिघडली तर, अशा शंका तुम्ही लिहिल्या आहेत. मी पर्थला राहतो, या रस्त्यानं बरीच वर्षं कॅरव्हॅन घेऊन जा-ये करतो आणि नव्या मंडळींना ती ओढायला शिकवतो. माझं उत्तर सरळ आहे: आई-बाबांना घेऊन जा. मात्र या रस्त्यावर माणसं खरोखर ज्यामुळे अडचणीत येतात, त्या दोन गोष्टी तुमच्या यादीत नाहीत. एक वजन आणि दुसरी घाई.

रस्त्याची भीती आधी मनातून काढा. मैदानाच्या पूर्वेचं सेडुना ते पश्चिमेचं नॉर्समन हे अंतर साधारण १,२०० किलोमीटर. त्यांना जोडणारा आयर हायवे पूर्ण डांबरी आहे, १९७६ मध्येच शेवटचा कच्चा तुकडा संपला. नलारबॉर रोडहाऊस (रोडहाऊस म्हणजे पंप, खाणं आणि मुक्कामाची सोय असलेला थांबा) ते दोन राज्यांच्या सीमेवरचं बॉर्डर व्हिलेज, कायगुना ते बॅलाडोनिया आणि बॅलाडोनिया ते नॉर्समन हे पंपाविनाचे सर्वांत लांब टप्पे, आणि तेही दोनशे किलोमीटरच्या आतले. रात्रंदिवस ट्रक चालू असतात. बॉनेट उघडून उभे राहिलात तर कुणी ना कुणी थांबतंच.

आता वजन. गाडीच्या जाहिरातीत ‘३,५०० किलो ओढते’ असं लिहिलेलं असतं आणि लोक तेवढंच वाचतात. चार मोठी माणसं गाडीत बसणार असतील तर तो आकडा बाजूला ठेवून स्वतः हिशेब मांडा. समजा तुमच्या गाडीला माणसं आणि सामान मिळून ६५० किलो चालतं. चौघांचं वजन धरा २८० किलो. कॅरव्हॅनचा पुढचा दांडा गाडीच्या मागच्या जोडणीच्या गोळ्यावर, म्हणजे टो बॉलवर टेकतो, तिथला भारही गाडीच्याच खात्यात जातो. भरलेली कॅरव्हॅन २,५०० किलोची असेल तर तो भार साधारण दहा टक्के, म्हणजे २५० किलो. झाले ५३०. उरले १२० किलो. त्यात छोटा फ्रिज, बॅगा, अवजारं, डिझेलचा कॅन आणि आईनं बांधून घेतलेले डबे. गाडीच्या डिकीत ‘अजून जागा आहे’ म्हणून काहीही टाकू नका. जागा शिल्लक दिसली तरी वजन शिल्लक असेलच असं नाही.

कॅरव्हॅनचंही तसंच. रिकाम्या वजनातून कमाल परवानगीच्या वजनापर्यंत समजा ४५० किलोची सवड आहे. पाण्याच्या दोन टाक्या भरल्या की १८० किलो गेले. गॅसच्या दोन बाटल्या पस्तीस-चाळीस किलो. उरलेल्या सुमारे दोनशे तीस किलोत चौघांचे कपडे, अंथरूण-पांघरूण, किराणा, खुर्च्या, मांडव. तुम्ही घरच हलवताय, त्यामुळे ‘हे एवढं कॅरव्हॅनमध्ये जाऊ दे’ हा मोह फार होणार. पुस्तकं, मिक्सर, पितळी भांडी सगळं मूव्हर्सच्या ट्रकमध्ये घाला.

निघण्याआधी, पूर्ण भरलेल्या अवस्थेत, चौघांना गाडीत बसवून वजनकाट्यावर जा. गाडी वेगळी, कॅरव्हॅन वेगळी आणि दोन्ही जोडून असे तिन्ही आकडे घ्या. जोडलेल्या दोन्हींची मिळून एक कमाल मर्यादा असते आणि ती बहुतेकांनी वाचलेलीच नसते. थोडे पैसे लागतात. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी काट्याची पावती दाखवल्याशिवाय हायवेवर नेत नाही.

सामान कुठे ठेवलंय, हेही तितकंच महत्त्वाचं. जड वस्तू चाकांच्या बरोबर वर आणि जमिनीलगत, हलक्या वरच्या कपाटांत, शेपटाकडे जड काही नको. मागच्या बंपरवर सायकली आणि जादा चाकं अडकवलेली कॅरव्हॅन मला दिसली की काळजी वाटते. शेपूट जड झालं की टो बॉलवरचा भार कमी होतो आणि कॅरव्हॅन डावी-उजवीकडे झुलायला लागते. पाण्याची टाकी चाकांच्या पुढे असेल आणि ती वाटेत रिकामी झाली तरी हाच परिणाम होतो, म्हणून दोन टाक्यांपैकी आधी कोणती वापरायची ते घरीच ठरवा.

कॅरव्हॅन झुलू लागली तर हात काय करतील हे आधीच मनात पक्कं असायला हवं. ब्रेक दाबायचा नाही. स्टिअरिंगनं उलट-सुलट सावरायचं नाही. पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि डॅशबोर्डवर जो कॅरव्हॅनच्या ब्रेकचा वेगळा कंट्रोलर असतो तो हातानं दाबायचा. मागून फक्त कॅरव्हॅनला ब्रेक लागतो, दांडा ताणला जातो आणि ती सरळ होते. मेलबर्नबाहेर एखाद्या मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात, तो कंट्रोलर न बघता हाताला सापडेपर्यंत सराव करा. तुम्ही दोघांनीही.

हे सगळं एवढं सांगतोय ते रोड ट्रेनमुळे आणि वाऱ्यामुळे. इथले जोड-ट्रेलरचे ट्रक ३६.५ मीटरपर्यंत लांब असतात. मागून असा ट्रक शेजारी येऊ लागला की त्याच्या पुढची हवा आधी कॅरव्हॅनला डावीकडे ढकलते, आणि तो पुढे सरकत गेला की तीच कॅरव्हॅन त्याच्याकडे ओढली जाते. दोन्ही क्षणांची वाट बघत स्टिअरिंग घट्ट पण शांत धरा. त्याला जागा द्यायला म्हणून कडेच्या खडीवर चाकं उतरवू नका. गाडीत यूएचएफ रेडिओ (गाड्यांनी आपापसात बोलायचा) हवाच. ट्रकवाले चॅनल ४० वर असतात, कॅरव्हॅनवाले आपापसात बहुधा १८ वर. ट्रक मागे येऊन चिकटला की ४० वर सांगायचं, ‘पुढे मोकळं आहे, तुम्ही बाहेर आलात की मी पाय काढतो.’ तो पूर्ण उजव्या लेनमध्ये आला की मगच वेग थोडा कमी करा, तो पटकन पुढे जातो. त्याचं शेपूट तुमच्या पुढे गेलं की ‘आता या आत’ म्हणा. एवढ्या संवादानं तुमचे आणि त्याचे दोघांचेही जीव सांभाळले जातात.

वेगाबद्दल एक गोष्ट पाहुण्यांना माहीत नसते: पश्चिम ऑस्ट्रेलियात कॅरव्हॅन ओढत असाल तर पाटीवर ११० असलं तरी तुमची मर्यादा १०० आहे. मी स्वतः ९०-९५ च्या पुढे जात नाही.

तुम्ही पूर्वेकडून पश्चिमेला जाताय, म्हणजे हिवाळ्यात वारा बहुतेक वेळा तोंडावर. एरवी शंभर किलोमीटरला १५-१६ लिटर पिणारी गाडी समोरून जोराचा वारा असला की २० वर सहज जाते. ८० लिटरच्या टाकीला तरीही ४०० किलोमीटर मिळतात, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नाही. पण पंप दिसला की निम्मी टाकी भरलेली असली तरी भरून घ्या, कारण सगळे रोडहाऊस रात्रभर उघडे नसतात. डिझेल शहरापेक्षा बरंच महाग पडेल, ते खर्चात धरून ठेवा. आदल्या रात्री हवामान खात्याचा वाऱ्याचा अंदाज बघा. आडवा वारा ताशी ४० किलोमीटरच्या वर सांगितला असेल तर त्या दिवशी थांबा, पत्ते खेळा. यासाठीच एखाद-दोन दिवस हाताशी हवेत.

पाणी सेडुनाला भरून घ्या. मैदानात गोडं पाणी जवळजवळ नाही, रोडहाऊसवर खाऱ्या पाण्याचं कसंबसं गोडं केलेलं असतं आणि ते टाक्या भरायला देत नाहीत. पिण्यापुरते माणशी दिवसाला चार-पाच लिटर वेगळ्या कॅनमध्ये ठेवा, म्हणजे टाकीला काही झालं तरी पिण्याचं पाणी सुरक्षित राहील.

आता स्वयंपाकघर, कारण आई सोबत असल्यावर इथेच गोंधळ होतो. व्हिक्टोरियातून दक्षिण ऑस्ट्रेलियात शिरतानाच ताज्या फळांवर बंदी लागू होते. बॉर्डर व्हिलेजला पश्चिम ऑस्ट्रेलियाची तपासणी चौकी आहे, तिथे कर्मचारी कॅरव्हॅनमध्ये चढून कपाटं आणि फ्रिज उघडून बघतात. फळं, भाज्या, कांदे-बटाटे, लसूण, आलं, हिरव्या मिरच्या, कोथिंबीर, कढीपत्ता, मध, रोपं, कुंडीतली माती यांतलं काहीही लपवायचं नाही. आईची कुंडीतली तुळस, पूजेचा नारळ, फुलं हेही त्यातच येतं. हे आई-बाबांना मेलबर्नमध्येच समजावून सांगा, चौकीवर वाईट वाटायला नको. डाळी, कडधान्यं, मसाले कंपनीच्या बंद पाकिटातच ठेवा आणि विचारायच्या आधी समोर ठेवा. पश्चिमेची शेती क्वीन्सलँड फळमाशीपासून आणि इतर अनेक किडी-रोगांपासून वाचलेली आहे ती याच कडकपणामुळे, आणि आपण त्याच राज्यात राहायला चाललो आहोत.

म्हणून बेत असा करा: सेडुनाला दोन दिवसांपुरतीच भाजी घ्या आणि बॉर्डरच्या आधी संपवा. त्यापुढे नॉर्समनपर्यंत ताजी भाजी मिळेल हे धरूच नका. पिठलं-भात, मुगाची खिचडी, वरणफळं, मेतकूट, भाजलेले पोहे, चटण्या यांवर तीन-चार दिवस मजेत जातात. एक सवय मात्र मोडू देऊ नका: गाडी हलण्याआधी गॅसच्या बाटलीची चावी बंद, आणि फ्रिज गॅसवर चालणारा असेल तर पंपावर शिरायच्या आधी त्याची ज्योत विझलेली असली पाहिजे.

दिवसांची आखणी हा घाईवरचा उपाय. चौघं मोठी माणसं एका गाडीत आहेत, आणि चालत्या कॅरव्हॅनमध्ये कुणीही बसणं किंवा झोपणं बेकायदा आहे. म्हणजे आईची कंबर दुखायला लागली तर ‘मागे जाऊन पड’ म्हणता येणार नाही. म्हणून रोज चार तासांपेक्षा जास्त गाडी नको, दर दीड तासाला उतरणं हवं, आणि दुपारी चारच्या सुमारास मुक्कामाला पोचलेलं असावं. संध्याकाळी आणि पहाटे कांगारू, एमू, वॉम्बॅट रस्त्यावर येतात, उंटही असतात. दिवसा मेलेल्या कांगारूवर बसलेला मोठा गरुड लांबूनच दिसेल. तो जड पक्षी आहे, उडायला वेळ घेतो, आणि वाऱ्याची दिशा तशी असेल तर तुमच्या काचेकडेच झेपावतो. त्याच्यासाठी वेग बराच कमी करा.

सेडुनाहून पहिला मुक्काम नलारबॉर रोडहाऊस, सुमारे ३०० किलोमीटर. रोडहाऊसच्या थोडं अलीकडे हेड ऑफ बाइट या समुद्राकाठच्या जागेचा फाटा आहे, बारा किलोमीटरचा चांगला रस्ता. जून ते ऑक्टोबर या काळात सदर्न राइट व्हेल माद्या पिल्लांना जन्म द्यायला इथे येतात. लाकडी पायवाटेवरून आई-बाबांना सहज चालता येईल. खाली इतक्या जवळ माय-लेकरू पोहत असतं की दुर्बीण लागत नाही. याच भागातल्या वाळूच्या टेकड्यांत १८४१ मध्ये एडवर्ड जॉन आयरला इथल्या आदिवासींनी पाणी दाखवलं होतं. ते नसते तर हा हायवे ज्याच्या नावाचा आहे तो माणूस पुढे गेलाच नसता. पुढे त्याचा सोबती बॅक्स्टर मारला गेला आणि आयरनं उरलेली वाट वायली नावाच्या आदिवासी तरुणासोबत पूर्ण केली. आयरचं नाव रस्त्यावर जागोजागी दिसतं, वायलीचं फारसं नाही, म्हणून मी ते आवर्जून सांगतो.

दुसऱ्या दिवशी फक्त दोनशे किलोमीटर, युक्लापर्यंत. वाटेत बुंडा कड्यांच्या ठरवून दिलेल्या जागांवर थांबा. मैदान चालत चालत येतं आणि एकदम संपतं, खाली थेट दक्षिण महासागर. काठाजवळ कुणालाही जाऊ देऊ नका. ही चुनखडी आहे, लाटांनी ती खालून पोखरलेली असते आणि आपण ज्यावर उभे आहोत त्याखाली काय उरलंय ते वरून कळत नाही. फोटोसाठी कठडा ओलांडणारी मंडळी पाहिली की मी ओरडून हाक मारतो, अनोळखी असली तरी.

युक्लाला वाळूत बुडालेलं जुनं तारघर आहे, १८७७ मध्ये सुरू झालेलं. दोन वसाहतींच्या तारा इथे जुळत, पण दोन्हीकडे मोर्स वेगवेगळा होता, त्यामुळे एका बाजूच्या माणसानं संदेश लिहून घ्यायचा आणि दुसऱ्या बाजूच्या माणसानं तो आपल्या पद्धतीनं पुढे पाठवायचा. पुढे सशांनी टेकड्यांवरचं गवत खाऊन टाकलं, वाळू मोकळी झाली आणि इमारतीवर चढली. बाबा टपाल-तार खात्यातून निवृत्त झाल्याचं तुम्ही लिहिलंय, तेव्हा हा थांबा त्यांच्यासाठी.

इथेच घड्याळाचा घोळ होतो. बॉर्डरच्या पूर्वेला दक्षिण ऑस्ट्रेलियाची वेळ, पर्थची त्याहून दीड तास मागे, आणि बॉर्डर व्हिलेज ते कायगुना या पट्ट्यात लोक त्या दोन्हींच्या मधली, पर्थपेक्षा ४५ मिनिटं पुढची वेळ पाळतात. मोबाइल मात्र स्वतःच्या मनानं काहीही दाखवतो. रोडहाऊसचं स्वयंपाकघर किती वाजता बंद होतं ते ‘तुमच्या घड्याळानं’ असं विचारून घ्या. आई-बाबांच्या गोळ्या मात्र पर्थला पोचेपर्यंत एकाच जुन्या घड्याळावर चालू द्या, तारखेच्या खणांच्या डबीत भरून.

तिसरा मुक्काम कॉकलबिडी किंवा कायगुना. वाटेत मदुराचा घाट लागतो, मैदानानंतर अचानक आलेला चढ. वर जाऊन थांबा आणि मागे बघा. कायगुनाच्या पश्चिमेला पाचेक किलोमीटरवर रस्त्यालगतच जमिनीत एक छिद्र आहे. दोन लाख चौरस किलोमीटरच्या या चुनखडीखाली गुहांचं जाळं आहे. बाहेरचा हवेचा दाब कमी झाला की आतली हवा या छिद्रातून बाहेर फुंकली जाते, दाब वाढला की आत ओढली जाते. छिद्राजवळ रुमाल धरा, मैदान श्वास घेतंय की सोडतंय ते दिसेल. दुपारच्या रणरणत्या उन्हातही बाहेर येणारी हवा गार लागते.

चौथ्या दिवशी प्रसिद्ध सरळ रस्ता, १४६.६ किलोमीटर, एकही वळण नाही. इथे गाडी सोपी आणि चालवणारा सुस्त होतो. मध्यावर चालक बदला. गरज वाटो न वाटो, बदला. बॅलाडोनियाच्या पुढे झाडं वाढत जातात आणि नॉर्समनकडे तुम्ही ग्रेट वेस्टर्न वुडलँड्समध्ये शिरता, सॅमन गमची तांबूस गुळगुळीत खोडं दोन्ही बाजूंना. खरं सांगायचं तर झाडच नाही असा भाग हायवेवर फार थोडा लागतो, तो मुख्यतः उत्तरेला, रेल्वेच्या बाजूला आहे.

प्रत्येक थांब्यावर एक फेरी मारा. चारी चाकांच्या मध्यभागी तळहात जवळ न्या. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर बेअरिंग जातंय किंवा ब्रेक धरून राहतोय. कॅरव्हॅनचं स्वतःचं स्टेपनी चाक आणि तिला पेलणारा जॅक सोबत आहे का, हे मेलबर्नमध्येच बघा. गाडीचा जॅक कॅरव्हॅनला बऱ्याचदा पुरत नाही.

तब्येतीचं म्हणाल तर रुग्णालयं सेडुनाला आणि नॉर्समनला आहेत. मध्ये विमानानं येणारी रॉयल फ्लाइंग डॉक्टर सेवा आहे. हायवेवरच काही ठिकाणी पांढरे पट्टे रंगवलेले दिसतील, तिथे विमान उतरतं. त्या पट्ट्यांवर गाडी उभी करू नका. मोबाइलला रेंज बहुधा रोडहाऊसच्या आसपासच मिळते, म्हणून संकटाचा इशारा पाठवणारा, ४०६ मेगाहर्ट्झचा नोंदणी केलेला बीकन घ्या किंवा भाड्यानं मिळवा आणि तो कसा सुरू करायचा हे आई-बाबांनाही दाखवा. त्यांच्या प्रवासी विम्यात रुग्णवाहिका आणि विमानानं हलवणं धरलंय का, ते कंपनीकडून लेखी घ्या. आईला हृदयाचा किंवा दर आठवड्याला रुग्णालयात जावं लागेल असा काही त्रास असेल तर माझं उत्तर बदलतं: त्यांना विमानानं पाठवा. नुसतं रक्तदाब आणि साखर असेल, गोळ्यांवर नियंत्रणात असेल, तर येऊ द्या.

कधी निघावं? ऑगस्ट-सप्टेंबर. व्हेल असतात, ऊन सोसतं, रात्री मात्र बऱ्याच थंड, तेव्हा कॅरव्हॅनमध्ये हीटर असल्याची खात्री करा. डिसेंबर-जानेवारीत ज्येष्ठांना घेऊन मी जाऊ देणार नाही. १९ डिसेंबर २०१९ ला नलारबॉरला ४९.९ अंश तापमान होतं, आणि पुढच्याच पंधरवड्यात नॉर्समनच्या बाजूच्या वणव्यांनी हा हायवे कित्येक दिवस बंद पाडला होता. दुसरा डांबरी रस्ता शेकडो किलोमीटरमध्ये नाही, त्यामुळे अडकलेल्यांना आहे तिथेच थांबावं लागलं.

नॉर्समनला पोचलात की एक रात्र नुसती विश्रांती घ्या. तिथून कूलगार्डीमार्गे पर्थ सवासातशे किलोमीटर, दोन दिवस. दक्षिणेला दोनशे किलोमीटरवर एस्परन्स आहे, पांढऱ्या वाळूचे किनारे आणि भरपूर ताजी भाजी. तिकडे वळायचं की नाही हे आधी ठरवू नका आणि बुकिंगही करू नका, त्या संध्याकाळी आईला विचारा.